माशीचा साफ केलेला फोटो

जावईबापूंचं खरं नाव काय, हे गल्लीत विचारून बघा. निम्मे लोक डोकं खाजवतील आणि उरलेले ठामपणे चुकीचं सांगतील. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओच्या मालकांचे ते जावई. मालकांना मुलगी एकच. स्टुडिओ खाली, घर वर, मधे काळोखा जिना. लग्न झालं तसे जावईबापू त्या जिन्याच्या वरच्या टोकाला झोपायला आणि खालच्या टोकाला कामाला, असे जे राहिले ते राहिलेच. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर कौतुकानं ओळख करून दिली होती, "हे आमचे जावईबापू." कौतुक पुढे आटलं, नाव तेवढं चिकटलं. आता केस पांढरे झाले, तरी दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे ते जावईबापूच. त्यांची बायकोसुद्धा रागावली की त्यांना याच नावानं हाक मारते, म्हणजे रोजच.

काम काय म्हणाल, तर चेहरे साफ करणं. मालक पुढच्या खोलीत दिव्यांखाली फोटो काढणार, त्यांची मुलगी काउंटरवर फ्रेमा विकणार आणि जावईबापू मागच्या खोलीत बसून लोकांच्या तोंडावरचे डाग पुसणार. पूर्वी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवायचे, आता माउस चालवतात. मुरूम, तीळ, सुरकुत्या, उडालेला एखादा केस, कॉलरवरचा डाग, सगळं गायब. वर रंग दोन छटा उजळ. "आपल्या दुकानातून कुणी मळकं बाहेर पडता कामा नये," असं मालकांचं ब्रीद. आणि संध्याकाळी दुकान बंद करताना कॅमेऱ्यातलं कार्ड स्वतःच्या हातानं पुसायचं, हा त्यांचा नेम. कच्चा फोटो म्हणजे उघडं अंग, तो कशाला साठवायचा?

या कामाचा एक गमतीदार परिणाम झाला होता. त्या भागातला प्रत्येक चेहरा जावईबापूंना पाठ, पण साफ केलेला. रस्त्यात कुणी हसून हात केला की हे बावरायचे आणि बायकोच्या कानाला लागायचे.

"कोण गं हे?"

"अहो, परवाच नाही का फोटो काढून गेले! किराणावाल्यांचे भाऊ."

"मग नाकावर हे काय आलंय त्यांच्या?"

"मस आहे. जन्मापासून आहे. तुम्हीच पुसलात."

मग त्यांनी बाहेर पडणंच कमी केलं. तसंही सोडत कोण होतं म्हणा! रविवारी चप्पल पायात सरकवली की मालकांची हाक यायचीच, "जावईबापू, त्या लग्नाचं तेवढं उरकून टाका बघू." आणि चप्पल परत कोपऱ्यात.

एकेकाळी जावईबापू स्वतः फोटो काढायचे, हे तर आता कुणाला सांगूनही पटणार नाही. पुलावर उभं राहून खालचं पाणी, धुकं, झाडावर अडकलेला पतंग, असले बिनगिऱ्हाइकाचे फोटो. सोयरीक ठरताना मालक म्हणाले होते, "दोघं मिळून काढू की!" पण दुकानाचा कॅमेरा मालकांच्या गळ्यातून उतरायचा तो फक्त आंघोळीपुरता.

आणि ती मागची खोली! पूर्वीची डार्करूम. भिंती काळ्या, छत काळं, लाल दिव्याचा होल्डर अजून डोक्यावर लोंबतोय. खिडकी नावाला नाही. बाहेर ऊन आहे की ढग, हे जावईबापू फोटोंवरून ओळखायचे. आलेला माणूस घामेजलेला दिसला की उन्हाळा, स्वेटरमधे दिसला की हिवाळा. एक खिडकी पाडा, असं ते वर्षानुवर्षं सासऱ्यांना सुचवत आले. मालक म्हणायचे, "उजेड आला की रंग फसतो." शेवटी बायकोनं स्वयंपाकघराला कुलूप लावलं. मालकांनी दोन वेळा पाव खाल्ला, तिसऱ्या वेळी गवंड्याला बोलावलं.

खिडकी झाली चहाच्या ट्रेएवढी. सरकत्या काचेची, खाली ॲल्युमिनियमची खाच, खाचेतलं पाणी जायला बाहेरच्या अंगानं एक भोक. समोर काय दिसायचं? शेजाऱ्यांचं मागचं अंगण, एक गळकी टाकी, कपड्यांची दोरी आणि कुंपणाच्या कडेनं वाळलेलं गवत. पण जावईबापूंचा चेहरा बघायला हवा होता! दिवसातून चारदा काउंटरवर येऊन बातमी द्यायचे, "टाकीवर कावळा बसलाय." काच सरकवायची, नाक बाहेर काढायचं, एक लांब श्वास घ्यायचा आणि पुन्हा कुणाच्या तरी गालावरचे मुरूम. शेजारच्यांच्या दोरीवर कुठली चादर कधी वाळते, हेही त्यांना पाठ झालं. शेजारच्यांना ते तितकंसं आवडलं नाही, पण बिचाऱ्याला तोंडावर कोण सांगणार?

आता माशीकडे येऊ.

एका सकाळी मालक मागच्या खोलीत एका नवरीचा फोटो तपासायला आले, तोच उघड्या खिडकीतून एक काळी, लांबोडकी माशी आत आली. तिनं मालकांच्या डोक्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली आणि स्क्रीनवरच्या नवरीच्या नथीच्या जागी टेकली. मालक लहानपणी एकदा गांधीलमाश्यांच्या तावडीत सापडले होते. तेव्हा त्यांचा चेहरा इतका सुजला होता म्हणे, की आईनं आवाजावरून ओळखलं. मालक जे किंचाळले ते समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक सुटे पैसे न घेता पळालं.

"बुजवा! ती खिडकी बुजवा! आत्ताच्या आत्ता!"

"बाबा, एक माशी आहे," बायको काउंटरवरूनच म्हणाली.

"एक असते तिथे शंभर असतात. गवंड्याला फोन लाव. विटा घालून टाका. मी म्हणतच होतो, भिंतीला भोकं कशाला?"

  जावईबापू नुसते खिडकीसमोर जाऊन उभे राहिले, जणू पाठीनं ती झाकली तर सासऱ्यांना दिसणार नाही.

बायको मात्र बापाच्याच मुशीतली. ती म्हणाली, "आधी ती कुठली माशी आहे ते तर कळू दे. कीटकवाल्या बाईंना फोटो पाठवा ना."

कीटकवाल्या बाई म्हणजे कॉलेजच्या संग्रहालयात टाचणीला लावलेले किडे सांभाळणाऱ्या बाई. घरात काही वळवळलं की लोक फोनवर त्यांनाच फोटो पाठवायचे. स्टुडिओशी त्यांचं एकदा वाजलंही होतं. ओळखपत्रासाठी फोटो काढून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन परत आल्या. "हा माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो दिलात. माझ्या गालावरचा तीळ कुठाय?" कच्चा फोटो तोवर पुसला गेलेला. जावईबापूंनी आठवणीनं तीळ परत बसवला, तो दुसऱ्याच गालावर. शेवटी बाईंना पुन्हा दिव्यांखाली बसावं लागलं. पण बाईंच्या ज्ञानाबद्दल मालकांना आदर होता. एवढ्या झुरळांना लॅटिन नावानं ओळखणारी बाई!

"ठीक आहे," तोवर काउंटरपाशी पळून आलेले मालक म्हणाले. "बाईंचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या चावत नाही, तर राहू दे तुमची खिडकी. त्या म्हणाल्या चावते, तर आज संध्याकाळी विटा. मग माझ्यापुढे रडगाणं नको."

"फोटो कोण काढणार?" बायकोनं विचारलं.

मालकांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आतून बारीक गुणगुण ऐकू येत होती. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि जावयाला बाहेर बोलावून त्याच्या गळ्यात घातला. आंघोळीशिवाय, भर दुकानात.

 जावईबापूंना कॅमेरा जड लागला. विसरलेच होते तो किती जड असतो ते. माशी आता खिडकीच्या खाचेत उतरली होती. ते गुडघ्यावर बसले, श्वास धरला, वाट बघितली. ती उडून गेली. परत आली. पुन्हा गेली. त्यांना घाई नव्हती. कितीतरी दिवसांनी आपण कशाची तरी वाट बघतोय, हे त्यांना फार बरं वाटलं. ती काठावर टेकली, पंख मिटले आणि त्यांनी बटण दाबलं. फोटो असा स्वच्छ आला, की पुलावरच्या दिवसांतलं सगळं अंगात परत आलं.

मग ते कॉम्प्युटरपुढे बसले. फोटो मोठा केला. आणि इथेच सगळं बिघडलं.

कारण फोटोत डाग होते. माशीच्या अंगावरून आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा. लेन्सवरचा असणार, पुसला. माशीच्या पुढच्या आणि मागच्या भागाच्या मधे एक केस अडकलेला. बारीक, काळा. तोही पुसला. केस गेल्यावर माशीचे दोन तुकडे झाले, ते काही बरं दिसेना, म्हणून दोन्ही जवळ आणून मधली जागा नीट भरून घेतली. आता अंग कसं भरीव दिसायला लागलं! रंग फार काळा होता, तो दोन छटा उजळ केला. हात आपोआप चालत होते. डोकं खिडकीत होतं. बाईंवर छाप पडली पाहिजे, एवढंच मनात. इतकी देखणी माशी त्या घराण्यात कधी झाली नसेल. त्यांनी फोटो पाठवून दिला आणि कॅमेरा मुकाट्यानं मालकांच्या गळ्यात परत गेला.

दुपारी उत्तर आलं. बायकोच्या फोनवर आलं, पण मालकांनी फोन हिसकावून घेतला आणि काउंटरवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. "फोटोवरून खात्री देता येत नाही. पण तपकिरी रंग आणि जाड कंबर बघता वसाहत करून राहणाऱ्या, चावऱ्या जातीची वाटते. जवळ जाऊ नका. खिडकी बंद ठेवा."

"वसाहत!" मालक म्हणाले. "ऐकलंत? वसाहत करतायत आमच्या भिंतीत!"

 मालकांनी खोक्यांना लावायची रुंद टेप आणली, दारातूनच फेकली आणि जावयाला हुकूम सोडला. बिचाऱ्यानं स्वतःच्या हातानं काच ओढून लावली आणि चारी कडांनी टेप चिकटवली. संध्याकाळचं काम आटोपून गवंडी येणार होता.

खोलीत पुन्हा तीच जुनी हवा साचली. काळ्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटल्या. समोर स्क्रीनवर सकाळची नवरी नथ घालून हसत बसली होती आणि जावईबापूंना तिचा राग आला. तिचं काय, ती फ्रेममधे बसून कुठल्या तरी घराच्या भिंतीवर लागेल, भिंतीवरून खिडकी तरी दिसेल. आपलं काय? उद्यापासून पुन्हा स्वेटर बघून हिवाळा ओळखायचा. मेल्यावर सासरे आपला फोटो काढतील आणि तो साफ करायलाही आपल्यालाच बसवतील, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हसू येण्याजोगी गोष्ट होती, पण आलं नाही.

काचेच्या पलीकडे काहीतरी हललं.

माशी परत आली होती. जावईबापूंनी खुर्ची पुढे ओढली. मधे काच असल्यानं आता नाक टेकवून बघता येत होतं. तिनं पोटाखाली गवताची एक लांब, वाळकी काडी धरली होती, तिच्या अंगापेक्षाही लांब. ती काडी घेऊन ती खाचेच्या बाहेरच्या भोकाशी उतरली, काडीचं टोक आत घातलं आणि ओढत ओढत आत गेली. मग भोकातून रिकामी बाहेर आली आणि भुर्रकन कुंपणाकडे. म्हणजे टेप लावून मालकांनी कोंडलं होतं ते फक्त जावयाला. माशीची वाट मोकळीच होती.

ती पुन्हा आली. पुन्हा काडी. यावेळी काचेवर अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर टेकली. काळी कुळकुळीत. आणि तिची कंबर! छातीपासून पोटापर्यंत नुसता एक दोरा. केसासारखा बारीक, काळा.

 ओरखडा नव्हता तो. काडी होती. आणि केस नव्हता.

"मेलो," ते म्हणाले. आणि मग घड्याळाकडे बघून धावले, कारण दुकान बंद करायची वेळ झाली होती.

पुढच्या खोलीत गवंडी विटांची पाटी टेकवून चहा पीत उभा होता आणि मालक कॅमेरा हातात घेऊन कार्ड पुसायच्या बटणावर अंगठा ठेवून होते.

"पुसू नका!"

इतकी वर्षं त्या घरात जावईबापूंचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. गवंड्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"कच्चा फोटो हवाय. माशीचा. मी... मी तो साफ करून पाठवला."

"बरोबर केलंत. मग?"

"त्यात ती दुसरीच झाली, बाबा. काडी पुसली. कंबर पुसली. रंग उजळला."

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, माशीलासुद्धा गोरी केलीत?"

गवंडी हसला तो ठसका लागेपर्यंत. मालकांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. "साफ केलेला फोटो तोच खरा," ते म्हणाले. "बाईंनी चांगल्या फोटोवरून सांगितलं. आता मळका दाखवून उत्तर फिरवायचं? गवंडी, चला आत."

"बाबा, कॅमेरा इकडे द्या," बायको म्हणाली. "नाहीतर स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे आहे."

कॅमेरा काउंटरवर आला. कच्चा फोटो गेला. जावईबापू तिथेच उभे, नखं खात. गवंडीही चहा संपला तरी उभा, कारण आता त्यालाही माशीत रस आला होता. बाईंनी उत्तर लिहिलं नाही, थेट फोन केला. बायकोनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"कुणी पाठवला हा फोटो?"

"मी," जावईबापू म्हणाले.

"आणि दुपारचा?"

"तोही मीच."

"तरीच! अहो, तुम्ही माझा तीळ पुसलात, मी सोडून दिलं. आता या बिचारीची कंबर पुसलीत? तिची कंबर हीच तर तिची ओळख. आणि ही गवताची काडी! ही गवत वाहून नेणारी माशी आहे. एकटी राहते, वसाहत वगैरे काही नाही. खिडकीच्या खाचेत, पोकळ नळीत गवत भरून घर करते. नाकतोडे पकडून पिल्लांसाठी आत ठेवते. कुणाच्या वाटेला जात नाही."

मालक फोनकडे वाकले. "म्हणजे चावत नाही?"

"मुठीत धरून दाबलीत तर चावेल, मालक. तुम्हाला कुणी मुठीत धरून दाबलं तर तुम्ही काय कराल?"

गवंड्याला पुन्हा ठसका लागला. मालकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की त्यानं विटांची पाटी उचलून डोक्यावर घेतली. सगळ्यांसमोर दिलेला शब्द होता, बाईंचा शब्द शेवटचा.  जावईबापूंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सासऱ्यांच्या देखत खुर्ची ओढून बूड टेकलं.

"म्हणजे खिडकी राहिली," बायको म्हणाली.

"फक्त एक करा," फोनमधून बाई म्हणाल्या. "काच सरकवू नका. खाचेत घर आहे, सरकवलीत की चिरडेल. पिल्लं बाहेर पडेपर्यंत बंदच ठेवा."

"किती दिवस?" जावईबापूंनी विचारलं.

"हा मोसम तर जाईलच. उशिरा घातलेली अंडी असतील तर पुढचा मोसम लागेपर्यंत."

मालकांचा चेहरा हळूहळू उजळला, कुठलाही माउस न लावता. "बघा," ते म्हणाले, "बाईंचा शब्द शेवटचा. बंद म्हणजे बंद." आणि गवंड्याला म्हणाले, "तुला आणखी चहा हवाय का रे?"

फोन ठेवण्याआधी बाईंनी एक मागणी केली. आठवड्याला एक फोटो पाठवा, कच्चाच; संग्रहालयाला हवाय. मालकांनी तोंड उघडलं, पण फोटो काढायचा तर खिडकीपाशी जायला लागणार, हे लक्षात आल्यावर मिटलं. आठवड्यातून एकदा कॅमेरा गळ्यातून उतरणार, हे असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी नवरीचा फोटो अजून पडलाच होता. जावईबापूंनी तिच्या हनुवटीवरची खोक पुसली, मग परत आणली, मग पुन्हा पुसली. नवरीच्या आईनं तसं सांगून ठेवलं होतं. खोलीत कोंदट उकडत होतं. त्यांनी उठून खिडकीच्या खालच्या कडेची टेप नखानं सोलून काढली, तेवढीच, म्हणजे खाच नीट दिसेल. माशी काडी घेऊन आली, भोकात शिरली, बाहेर निघाली, उडून गेली. त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. काच गरम होती.

"जावईबापू!" दारातून मालकांचा आवाज आला, आत पाऊल टाकायची छाती नव्हती. "टेप का काढताय? उघडायची नाही म्हणून सांगितलंय ना?"

"उघडत नाहीये," जावईबापू म्हणाले आणि मागे वळले नाहीत. "बघतोय."